दुसऱ्यांदा सापडलेली दीर्घिका: हरमल, हळर्ण आणि डिचोली

मे महिन्यात गोव्याला जाऊ नका, असं मी याच ब्लॉगवर पूर्वी लिहिलेलं आहे. घाम थांबत नाही, खोलीतला पंखा गरम हवा फिरवतो आणि किनारपट्टीवरची अर्धी दुकानं पावसाच्या भीतीनं बंद व्हायला लागलेली असतात. तरी या वेळी मीच गेले. हौसेनं नव्हे, मुलीला बघायला.

अनुजा, माझी एकुलती एक मुलगी, पुण्यात खगोलशास्त्रात संशोधन करते. एप्रिल संपता संपता तिनं अचानक रजा टाकली आणि हरमलला एक खोली भाड्यानं घेऊन राहिली. फोन उचलायची, पण "बरी आहे", "जेवले", "नंतर बोलते" यापलीकडे काही नाही. आमचे हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसीयर होते. सगळा जन्म बांध आणि कालवे मोजण्यात गेला. त्यांना हे अजिबात पटलं नाही. "हातातलं काम अर्धवट टाकून माणूस समुद्रावर जाऊन बसतो?" एवढं एकदा म्हणाले आणि त्यांनी तिला फोन करणं बंद केलं. मग जे काही असेल ते माझ्यामार्फत. "तिला विचार रजा मंजूर झाली का." "बाबांना सांग, गोळ्या वेळेवर घ्या." निवृत्त झाल्यावर माणसाला मोकळा वेळ मिळतो म्हणतात. मी मात्र त्या महिन्यात इथला निरोप तिथे करण्यातच दमून गेले होते. शेवटी एका सकाळी यांना म्हटलं, मी जाऊन येते. ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "आंबोलीत गाडी लागेल. गोळी घे."

कोल्हापूरहून सकाळची पणजीची एसटी पकडावी. आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा असा रस्ता आहे. खिडकी डाव्या बाजूची घेतलीत तर ऊन कमी लागतं, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. मला दोन्ही बाजूंनी लागलं. माझ्या शेजारी चंदगडकडची एक बाई होती. तिचा नवरा विमानतळाजवळच्या इमारतींवर सेंट्रिंगचं काम करतो. महिन्यातून एकदा ती त्याच्यासाठी भाकरीचं पीठ आणि चटणी घेऊन जाते.

"तिकडं भात खाऊन कट्टाळत्यात," ती म्हणाली. "तुमी कुटं?"

"मुलगी आहे हरमलला."

"दिली हाय तिकडं?"

"नाही. राहायला गेलीय थोडे दिवस."

तिनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. पिशवीतून एक शेंगदाण्याची पोळी काढून अर्धी मला दिली. आंबोलीचा घाट उतरेपर्यंत आम्ही दोघी झोपलो.

पेडण्याला गाडी महामार्गावरच सोडते. तिथून गावातल्या स्टँडपर्यंत रिक्षा करावी लागते आणि मग हरमलची मिनीबस. मिनीबसचं तिकीट अगदी किरकोळ, पण ती भरल्याशिवाय निघत नाही आणि कंडक्टरच्या लेखी ती कधीच भरत नाही. मी पोचले तेव्हा दुपार कलली होती. अंगावरचा सुती ड्रेस पाठीला चिकटून वाळला होता.

अनुजाची खोली किनाऱ्यापासून थोडी आत, माडांमध्ये. घरमालकीण सुलक्षा, माझ्याच वयाची. नवरा होडीवर जातो आणि मागच्या बाजूला बांधलेल्या तीन खोल्या ती पर्यटकांना देते. सीझनमध्ये रोजचे दीड हजार घेते, मे महिन्यात महिन्याच्या हिशेबानं घेतलीत तर बरीच स्वस्त. खोली स्वच्छ आहे, पाणी भरपूर आहे, पण पाश्चात्त्य पद्धतीचा कमोड हवा असेल तर मधली खोली मागून घ्या. सुलक्षानं मला बाहेरच्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसवलं, पाणी दिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुमचें चेडूं बरें, पूण सारकें जेवना. हांवें सांगलें, ती हांसता आनी उठून वता."

मुलगी चांगली आहे, पण नीट जेवत नाही. सांगितलं की हसते आणि उठून जाते. आईला कळायला भाषांतर लागत नाही.

अनुजा किनाऱ्यावर भेटली. शॅकवाले आपापले शॅक उतरवत होते. बांबू एकीकडे, माडाची चुडतं, म्हणजे झावळ्या, दुसरीकडे आणि मधे वाळूवर उलट्या घातलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यातलीच एक सरळ करून ती बसली होती. मला बघून उठली, मिठी मारली. खांद्याची हाडं हाताला लागली.

"कशाला आलीस एवढ्या उन्हात?"

"तू कशाला आलीस?"

"झोपायला," ती म्हणाली. "पण झोप येत नाही."

मग आम्ही दोघी पाण्याच्या कडेनं हळूहळू चालत गेलो. हरमलचा किनारा सूर्यास्ताला सुंदर दिसतो हे खरंच आहे, पण मला त्या दिवशी त्याच्याकडे बघायलाही कंटाळा आला होता. सुलक्षानं संध्याकाळी शीत-कडी म्हणजे भात-कालवण, तळलेला बांगडा आणि फणसाची भाजी केली होती. मी पोटभर जेवले. अनुजानं अर्धा बांगडा खाल्ला आणि मांजराला उरलेला दिला.

आता इथं थोडं थांबून ते संशोधन काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला जेवढं समजलं तेवढंच सांगते.

अवकाशात एक मोठी दुर्बीण सोडलेली आहे. तिनं घेतलेली छायाचित्रं काही काळानं जगातल्या सगळ्यांना बघायला खुली होतात. अनुजाचं काम पुण्यात संगणकासमोर बसून त्यातले हजारो ठिपके तपासायचं. प्रत्येक ठिपका म्हणजे एक दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांचं एकेक गाव. फार दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश फार जुना असतो, म्हणजे त्या आपल्याला त्यांच्या लहानपणीच्या दिसतात. आणि लहानपणी त्या वेड्यावाकड्या असतात, नीट न मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारख्या, असं सगळे धरून चालतात. मागच्या वर्षी एका संध्याकाळी तिला त्या गर्दीत एक ठिपका दिसला. मोठा करून बघितला तर मधे गोल गाभा आणि त्यातून निघून वळत गेलेले दोन सुबक हात. आपली आकाशगंगा आहे तशीच सर्पिल दीर्घिका. त्या ठिपक्याचा प्रकाश निघाला तेव्हा आपला सूर्यसुद्धा तयार झालेला नव्हता. इतक्या लवकर इतकी नीटनेटकी दीर्घिका तिथे असायलाच नको होती.

तिनं त्याच संध्याकाळी मला फोन केला होता. "आई, मी आता जे बघतेय ते बहुतेक अजून कुणी बघितलेलं नाही." मी भाजी चिरत होते. सुरी खाली ठेवली आणि खुर्चीवर बसले. पुढचे कितीतरी महिने आम्ही दोघं नवराबायको भेटेल त्याला हे सांगत होतो. डिचोलीला यांची चुलत बहीण असते, शैलावन्सं, तिलाही सांगितलं होतं. आणि तिनं तिथल्या महिला मंडळातर्फे अनुजाचं व्याख्यान ठरवून टाकलं होतं, याच आठवड्यात. मी यायला तेही एक निमित्त होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुजा म्हणाली, "चल, हळर्णचा किल्ला बघू. तुला ब्लॉगला काहीतरी हवंच असेल."

स्कूटर भाड्यानं मिळते, रोजचे चारशे आणि पेट्रोल आपलं. मागे बसणारीच्या कमरेचं भाडं वेगळं. सकाळी लवकर निघा. पेडण्याच्या पुढे रस्ता शेतांमधून, काजूच्या बागांमधून जातो आणि वर्दळ एकदम कमी होते. वाटेत एका टपरीवर पातळभाजी आणि उंडे खाल्ले; उंडा म्हणजे वरून कडक, आतून मऊ असा गोल पाव. अनुजानं एक उंडा संपवला, हे मी मनात टिपून ठेवलं.

किल्ला लहानच आहे, नदीच्या काठावर, झाडीत. दुरुस्ती केलेल्या भिंती, बुरूज, आत वाळलेलं गवत. तिकीट नाही, पाणी मिळत नाही, आमच्याशिवाय कोणी नव्हतं. सावली धरून आम्ही तटाच्या आतल्या बाजूला बसलो. खाली नदी अगदी संथ होती.

"शैलाआत्याचा कार्यक्रम रद्द कर ना," अनुजा म्हणाली.

"का?"

"ती दीर्घिका माझी नाही."

मला वाटलं, ती काहीतरी गमतीचं बोलतेय. ती नदीकडे बघत होती.

"मार्चमध्ये परदेशातल्या एका गटानं तिच्यावर लेख प्रसिद्ध केला. तीच दीर्घिका. आमचा लेख तेव्हा माझ्या टेबलावर होता, जवळजवळ पूर्ण. आता ती त्यांनी शोधली असंच सगळीकडे म्हणतील. आणि ते बरोबरच आहे. त्यांनी आधी सांगितलं."

"पण तू आधी बघितलीस ना?"

"कधी बघितलं ते कोण धरतं, आई? सांगितलं कधी ते धरतात."

फेब्रुवारीत यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा ती आमच्याकडे येऊन राहिली होती. मला एकदम तेच आठवलं.

"बाबांच्या आजारपणामुळे राहिलं का गं?"

"नाही. उगाच तसं लावू नकोस." ती माझ्याकडे वळली. "आमचे गाइड सर म्हणत होते, डिसेंबरातच पाठवून देऊ. मीच नको म्हटलं. मला खात्री नव्हती. समज, दोन वेगवेगळ्या दीर्घिका एकीमागे एक आल्या असत्या आणि आपल्याला इथून एकच दिसत असती तर? एक हात हिचा, एक हात तिचा. मला दोन्ही हातांचं अंतर वेगवेगळं तपासायचं होतं. त्यासाठी लागणारी निरीक्षणं दुसऱ्या लोकांनी घेतलेली होती, ती खुली होईपर्यंत थांबावं लागलं. मी थांबले. ते नाही थांबले."

"मग तपासलंस?"

"तपासलं. ते एप्रिलमध्ये झालं." ती थोडं हसली. "सर म्हणाले, आता आपलाही लेख पाठवू, याला अजून किंमत आहे. मी हो म्हटलं. मग टेबलाशी बसले की पहिलं वाक्यच लिहिता येईना. 'अलीकडेच अमुक गटानं शोधलेल्या' असं सुरू करायचं होतं. तेवढं टाइप व्हायचं नाही. रोज सकाळी जायचं, तेवढ्यावर अडायचं, संध्याकाळी परत यायचं. म्हणून इकडे आले."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिची पाठ घामानं भिजली होती. उन्हानं डोकं दुखायला लागलं होतं. आम्ही पाणी प्यायलो आणि परत निघालो.

संध्याकाळी मी शैलावन्संना फोन लावला. कार्यक्रम पुढं ढकलता येईल का, अनुजाची तब्येत जरा नरम आहे, असं काहीतरी म्हटलं.

"तू काय सांगतेस गो?" त्या म्हणाल्या. "खुर्च्यो सांगून झाल्यो. समोसे सांगितले. फलक छापून लटकला चौकात. तिला म्हणावं, पाच मिनिटं बोल, पण ये."

अनुजा शेजारीच होती. फोनचा आवाज तिला ऐकू जात होता. तिनं माझ्या हातातून फोन घेतला. "येते, आत्या," म्हणाली. "पण फलकावर काय लिहिलंय?"

"दूरच्या दीर्घिकेची शोधकर्ती, आमची गोव्याची भाची."

"बरं," अनुजा म्हणाली आणि फोन मला परत दिला.

हरमल ते डिचोली आम्ही बसनं गेलो. माझ्या कमरेनं स्कूटर साफ नाकारली होती. हरमलहून म्हापसा, तिथून अस्नोडामार्गे डिचोली. म्हापशाला गाडी बदलताना हाताशी वेळ असेल तर बाजारात सुकी मासळी आणि कांकणां, म्हणजे बांगडीसारखे गोल कडक पाव, बघून घ्या. मी घेतली नाहीत, कारण अनुजाकडे बघत बघत मला दुसरं काही सुचत नव्हतं. ती सगळा वेळ खिडकीला डोकं टेकून होती.

डिचोलीचा चौक आला आणि फलक दिसला. वर फुगलेल्या अक्षरांत ते शब्द आणि खाली अनुजाचा कॉलेजातला फोटो. तिनं एकदाच वर पाहिलं. "चल," म्हणाली.

सभागृह म्हणजे एका वाचनालयाच्या वरची खोली. बायका बऱ्याच जमल्या होत्या, काही निवृत्त पुरुष, दोघंतिघं कारखान्यातून थेट युनिफॉर्मवर आलेले. सगळे हातातल्या पदरानं, रुमालानं, कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेत होते. पाहुण्यांचा परिचय शैलावन्संनी मोठ्या आवाजात करून दिला आणि अनुजानं लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला.

पडद्यावर काहीच दिसेना. म्हणजे प्रोजेक्टर चालू होता, पण पश्चिमेच्या मोठमोठ्या खिडक्यांतून ऊन सरळ पडद्यावर येत होतं. चित्र असेल तिथं नुसता फिकट चौकोन. कुणीतरी खिडक्यांची दारं लावायला गेलं, तर ती काचेचीच होती.

"राहू दे, मी तोंडी सांगते," अनुजा म्हणाली.

"कसलें तोंडी?" पुढच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. "शैला, त्यो सतरंज्यो खंय आसात?"

वाचनालयात खाली गणपतीच्या सतरंज्या होत्या, त्या वर आल्या. खिळे नव्हते, दोरी नव्हती. मग बायकांनीच प्रत्येक खिडकीशी दोघी दोघी उभ्या राहून सतरंजीची दोन टोकं डोक्यावर हात करून धरली. खोलीत एकदम अंधार झाला, पंख्याचा आवाज मोठा वाटायला लागला आणि पडद्यावर ती दिसली.

मी ते चित्र मोबाइलवर बघितलं होतं. मोठं कधी पाहिलं नव्हतं. काळ्यावर पिवळट गाभा आणि त्यातून निघून वळत गेलेले दोन निळसर हात, हातांवर गाठीगाठीसारखे प्रकाशाचे ठिपके.

अनुजा चित्राच्या बाजूला उभी होती. "आधी एक सांगते," ती म्हणाली. "बाहेरच्या फलकावर लिहिलंय ते चूक आहे. ही दीर्घिका मी शोधली असं आता म्हणता येणार नाही. दुसऱ्या लोकांनी तिच्याबद्दल माझ्याआधी लिहिलं."

मागच्या बाजूला कुजबुज झाली. शैलावन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. एक गृहस्थ उठून बाहेर गेले, बहुतेक समोसे आले का ते बघायला. मला वाटलं, झालं, आता ती पाच मिनिटांत आटपेल.

तेवढ्यात खिडकीशी सतरंजी धरून उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "अगो बाय, तें आतां आसा काय थंय? का मोडलें?"

"आता आहे की नाही, ते आपल्याला माहीत नाही," अनुजा म्हणाली. "हा प्रकाश खूप पूर्वी तिथून निघाला. आता तिथे काय आहे त्याचा प्रकाश अजून वाटेत आहे. तो यायच्या आधी आपली पृथ्वीसुद्धा संपलेली असेल."

"म्हणजे म्हातारें जालां, पूण फोटो ल्हानपणचो."

"अगदी तसंच."

दुसऱ्या खिडकीतून प्रश्न आला की ते हात फिरतात का. मग कारखान्यातल्या एका माणसानं विचारलं की त्यांनी आधी लिहिलं, तर तुम्ही का थांबलात. अनुजानं हळर्णच्या किल्ल्यात मला सांगितलं होतं ते सगळं सांगितलं, पण अगदी वेगळ्या आवाजात. दोन दीर्घिका एकीमागे एक कशा दिसू शकतात ते तिनं स्वतःचे दोन हात एकापुढे एक धरून दाखवलं. प्रकाशातल्या रंगांवरून अंतर कसं कळतं, तो प्रकाश डावीकडच्या हातातून वेगळा आणि उजवीकडच्या हातातून वेगळा कसा काढला, तो काढताना पहिल्यांदा कसा चुकला. बोलता बोलता ती पडद्याजवळ गेली आणि तिच्या ओढणीवर त्या दीर्घिकेचा अर्धा भाग पडला.

"दोन्हीकडचं अंतर एकच आलं," ती म्हणाली. "म्हणजे ही एकच आहे. खरीच सर्पिल आहे. त्या लोकांनी हे तपासलं नव्हतं. त्यांचं म्हणणं बरोबर निघालं, पण ते बरोबर आहे हे कळलं ते आमच्या तपासणीतून."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. हे बोलताना ती जिथे थांबली, तिथे तिलाही ते नव्यानं ऐकू आल्यासारखं मला वाटलं. मला असं वाटलं, इतकंच. तिनं तसं कधी सांगितलं नाही.

प्रश्न बराच वेळ चालले. खिडकीशी उभ्या बायकांचे हात दुखायला लागले की दुसऱ्या जाऊन त्यांची जागा घेत होत्या. मीही एकदा जाऊन उभी राहिले. सतरंजीला उदबत्तीचा आणि धुळीचा वास येत होता, ऊन मागून पाठ भाजत होतं आणि दंड थरथरत होते. माझ्या जोडीला असलेल्या बाई म्हणाल्या, "तुमची धूव?" हो, माझीच मुलगी, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि सतरंजी थोडी वर ओढून घेतली, माझ्या बाजूचा भार कमी व्हावा म्हणून.

शेवटी शाल-श्रीफळ झालं. मानपत्र आधीच छापलेलं होतं. शैलावन्सं ते वाचायला उभ्या राहिल्या, दुसऱ्या ओळीवर अडखळल्या, चष्मा वर केला आणि 'शोधकर्ती' हा शब्द गाळून पुढं वाचत गेल्या. वाक्य थोडं लंगडं झालं. अनुजा खाली बघून हसली. त्या संध्याकाळी तिनं दोन समोसे खाल्ले आणि वन्संकडे जेवलीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मयेचं तळं. डिचोलीहून जवळच आहे, रिक्षा मिळते. तळ्याच्या कडेनं बांधलेली पायवाट आहे, बोटी आहेत, पण मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं आणि बोटवालेही सावलीत पेंगत असतात. शांतता हवी असेल तर हीच वेळ चांगली. आम्ही एका बाकावर बसलो. माझे पाय सुजले होते.

"मी तुझ्याबरोबर कोल्हापूरला येत नाही," अनुजा म्हणाली. "महिनाअखेरपर्यंत हरमललाच बसून लेख पूर्ण करते. तिथून पाठवते. मग पुण्याला जाईन."

"आणि पुढे?"

"ऑगस्टला माझी नेमणूक संपते. पुढचं माहीत नाही. बाहेर अर्ज करायचे त्राण आत्ता नाही माझ्यात, आई. कदाचित वर्षभर कुठेतरी शिकवीन. मला खरंच माहीत नाही."

"बरं."

"बाबांना काय सांगशील?"

मला फार थकवा आला होता. मी तिचा हात धरून बसले. समोर पाण्यात एक पाणकावळा बुडी मारत होता, वर येत होता.

परतताना मी वेगळा रस्ता घेतला. डिचोलीहून साखळी, तिथून चोर्ला घाटानं बेळगाव आणि मग कोल्हापूर. घाट देखणा आहे, पण वळणं पोटात येतात. पुढच्या बाजूची जागा धरा आणि आंबोलीला घेतली नसेल तर गोळी इथं नक्की घ्या. साखळीला अनुजा मला गाडीत बसवून गेली. खिडकीतून तिनं सुलक्षानं दिलेली आमसुलांची पुडी आत सरकवली. गाडी सुटली तेव्हा ती पाठमोरी चालायला लागली होती, नेहमीच्या तिच्या भराभर चालीनं.

घरी आले तेव्हा यांनी स्वतः वरण-भात लावला होता. पाणी जास्त झालं होतं. मी तसंच जेवले. जेवण झाल्यावर ते म्हणाले, "मग? काय म्हणते?"

मी सगळं सांगितलं. मार्चमधला तो लेख, पहिलं वाक्य न लिहिता येणं, किल्ला, सतरंज्या, सगळं. ते ताटावर बोट फिरवत ऐकत होते. दुसऱ्यांनी आधी छापलं हे ऐकून त्यांचा चेहरा पडला. मग मी ती तपासणी समजावून सांगायला लागले.

"दोन्ही हात एकाच अंतरावर आहेत, हे तिनं मोजलं," मी म्हटलं.

"कसं मोजलं?"

"रंगावरून."

"रंगावरून अंतर? असं कसं निघेल?"

"प्रकाश ताणला जातो म्हणे. जितका लांबून, तितका ताणलेला."

"म्हणजे किती लांबीला किती ताण? आणि चूक किती धरली तिनं? मोजमापात चूक धरावीच लागते."

"मला नाही माहीत."

"विचारलं नाहीस?"

माझ्या डोळ्यांवर झोप होती, घोटे ठणकत होते. पर्समध्ये अजून तीन बसची तिकिटं चुरगळलेली होती. मी फोन त्यांच्यासमोर ठेवला. "तिलाच विचारा," म्हटलं. "मी आता कुणाचं काही कुणाला सांगणार नाही."

ते फोनकडे बघत बसले. मी ताटं उचलली, घासली, ओटा पुसला. मग बाहेरून त्यांचा घसा खाकरल्याचा आवाज आला आणि ते ओव्हरसीयर असताना मुकादमाशी बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "अनुजा, ते अंतराचं मला नीट सांग. आई सांगतेय ते काही जुळत नाही."

तिकडून ती काय म्हणाली ते कळलं नाही. पण ती बोलत होती, बरंच बोलत होती, आणि हे मधूनमधून "हं", "हं" करत होते. मग उठून कपाटावरून पेन्सिल शोधल्याचा आवाज आला. "थांब, काढून बघतो," म्हणाले. "हा एक हात. हा दुसरा. पुढं?"

मी दिवा मालवून आतल्या खोलीत आडवी झाले. बाहेर त्यांचं चाललंच होतं.